भिंतीला आलेलं पोट

टेकवाडी, २८ ऑगस्ट, गुरुवार

ज्ञानू माझे बाई,

आधी कानशिलावर बोटं मोडली, दहाच्या दहा वाजली. मग चष्मा पुसला आणि लिहायला बसले. तू मला पाटीवर अक्षरं गिरवायला लावलीस तेव्हा तू तिसरीत होतीस आणि मी पन्नाशीच्या पुढे. "आजी, बोलताना हाय म्हण, लिहिताना आहे लिहायचं," असं दटावायचीस. तर बघ, आहे लिहिलं आहे.

तुझं पत्र सोमवारी आलं. रामहरी पोस्टमन दारातून ओरडला, "लंकाबाई, उत्तराखंडाचं टपाल हाय. कोन हाय तुमचं तिकडं?" मी म्हटलं, नात आहे, भूकंपाचं शिकते. तर म्हणतो, "त्यात शिकायचं काय? आला की कळतंच की." पण पाकिटाची कड उचललेली होती आणि देण्याआधी त्याने ते उजेडाला धरलेलं मी पाहिलं. माझा त्या माणसावर संशय आहे. पुढच्या पाकिटाला चिकटपट्टी लाव.

दोन वर्षं आणि तीन महिन्यांनी पत्र, त्यात माझी तब्येत एका ओळीत आणि भिंत दीड पानात. राग नाही गं. कालपासून गणपती बसलेत आणि मी आरतीत उगाच हसते आहे. तुझी आई म्हणाली, "आत्याबाई, काय झालंय?" मी म्हटलं, दात हलतोय. तिला सांगितलं नाही. तिच्या पोटात गोष्ट राहत नाही, ती तुझ्या बापाला सांगेल आणि तो पुन्हा गुरगुरेल. फोन करू नको म्हणालीस तेही बरं. आपल्या घरात फोनवर बोललेलं ओसरीपर्यंत जातं.

तर तू लिहितेस की गहिनीनाथ गुरुजींनी पंधरा ऑगस्टचा फोटो शाळेच्या ग्रुपवर टाकला, तो तुला मैत्रिणीने पाठवला, आणि झेंड्यामागच्या, डोंगर अडवायला तुझ्या बापाने बांधलेल्या भिंतीला मधोमध पोट आल्यासारखं दिसतंय. भिंत वरपर्यंत ओली दिसते. आणि ते मला मोजून कळवायचं, बापाला कळू न देता. ज्ञानू, या वयात मला कुणी गुपित सांगितलेलं नाही. सगळे म्हणतात म्हातारी बडबडी आहे. आता बघच.

पण मला एक सांगावंसं वाटतं. त्या मे महिन्यात तू चावडीवर चारचौघांत म्हणालीस, "आबा, ही भिंत भूकंपात टिकायची नाही." बांधून वर्ष झालेलं नव्हतं. तुझा बाप म्हणाला, "कागदावर भिंती बांधनारांनी माझ्या भिंतीला बोट लावायचं न्हाई." आणि तू पिशवी उचललीस. तू भिंतीला नाव ठेवलंस ते त्याने सोसलं असतं. भूकंपाचं नाव घेतलंस ते त्याला लागलं. का लागलं ते पुढच्या वेळी सांगते, आता कागद भरत आला.

तुझे प्रश्न मी लिहून घेतलेत. उंची किती. वर रुंदी किती. पाया किती रुंद. मागचा मुरूम किती जड. मुरमाचा ढीग किती उंच उभा राहतो. आणि भिंतीतल्या नळ्यांतून पाणी येतं का.

नळ्यांचं नंतर लिहिते.

तुझी,
आजी


२ सप्टेंबर, मंगळवार

ज्ञानू,

गौरी आज गेल्या. त्यांच्यामुळे माझं काम झालं. भिंतीवरच्या रस्त्याकडेला आघाडा उगवतो, तो तोडायला म्हणून गौरी आल्या त्या दिवशी मी सकाळीच वर गेले. पदराखाली सुतळी, सुतळीला दगड. भिंतीच्या माथ्यावर पालथं पडून दगड खाली सोडला. खालून सुरय्या ओरडली, "काकू, काय पडलं का?" मी म्हटलं, कानातलं. ती बिचारी अर्धा तास खाली कानातलं शोधत होती.

उंची आठ हात चार बोटं. माझा हात, तुझा नाही. माथ्याची रुंदी दीड हात, त्यात थोडं गवत धरलं.

मग मुरूम. भिंतीमागचा एक डबा भरून आणला, तेलाचा पंधरा किलोचा डबा. कांद्याच्या काट्यावर ओला तेहतीस किलो भरला. दोन दिवस पत्र्यावर वाळवला, तोच डबा अठ्ठावीस. तुझ्या आईने विचारलं, "आत्याबाई, मुरूम कशाला जोखताय?" म्हटलं, तुळशीला घालायचाय. "मग जोखायचा कशाला?" म्हटलं, तुळस नाजूक असते.

वाळलेला मुरूम सुपातून हळूहळू ओतला. ढीग होतो, वाढतो, मग एका जागी हट्ट धरतो आणि त्याहून उभा राहत नाही, घसरतो. तीनदा ओतला, तिन्ही वेळा तेच. पसारा सहा विती, उंची दोन विती. तू लिहिलंस की या ढिगावरून माती आतल्या आत एकमेकीला किती धरून असते ते कळतं. मला लई मजा वाटली. आमच्या वेळेस दुष्काळी कामावर आम्ही असे शेकडो ढीग घातले, ब्रास मोजायला मुकादम यायचा, पण ढीग काही सांगतो हे कुणी बोललं नव्हतं.

आणि ती पाचर मी समजून घेतली. भिंतीमागचा अख्खा डोंगर ढकलत नाही. भिंतीच्या टाचेपासून वर तिरकी रेघ मारली तर जो तुकडा सुटतो, लाकूड फोडायच्या पाचरीसारखा, तेवढाच भिंतीवर रेलतो. चुलीपुढे बसून मी तव्यावरची भाकरी कापून तुझ्या आईला दाखवणार होते, मग आठवलं की गुपित आहे.

आता संशयाचं. पाया किती रुंद ते जमिनीत आहे, दिसत नाही. म्हणून नियाजला विचारलं. सुरय्याचा नवरा, त्यानेच तर दगड बसवले. इतक्या वर्षांचा शेजारी, पण पायाचं नाव काढताच थापी धुवायला लागला. धुतलेली थापी. "काकू, ते मच्छिंद्रभाऊंना इचारा." म्हणजे तुझ्या बापाला. मी म्हटलं, अरे तू खणलास ना? "मी खनला, पर कागद त्यांच्याकडं हाय." दगडाला कागद कशाला लागतो?

आणि तुझा बाप. रोज संध्याकाळी शाळा सुटल्यावर एक रेक्झिनची पिशवी घेऊन भिंतीकडे जातो. अर्ध्या तासाने येतो, हात धुतो, कुणाशी बोलत नाही. पिशवी खुंटीला न लावता कपाटात ठेवतो आणि किल्ली कडदोऱ्याला. परवा त्याच्या बोटांना सिमेंट लागलेलं होतं. ज्ञानू, माझ्या पोटचा आहे म्हणून बोलवत नाही, पण त्याने दगडात कमी केलं असेल का? आता भेगा लिंपत असेल का, कुणाला दिसायच्या आधी?

नळ्या विचारल्या होत्यास. नळ्या आहेत. अकरा आहेत.

आजी


१४ सप्टेंबर, रविवार

ज्ञानू,

चिकटपट्टी लावलेलं पत्र मिळालं. रामहरी म्हणतो, "एवढी चिकटपट्टी? काय सोनं हाय का आत?" आता त्याचाच माझ्यावर संशय आहे.

तुझा हिशेब चारदा वाचला. आकडे सोडून दिले, शब्द धरले. वाळल्या मुरमाची पाचर भिंतीला शंभर जोराने ढकलते असं धरलं, तर भूकंपाच्या धक्क्यात ती एकशे अठरा जोराने ढकलेल. त्यासाठी पाचरीच्या वजनाच्या शंभरातले आठ भाग आडवे लोटतात असं तू धरलंस, आपल्या भागाला तेवढं धरतात. आणि धक्क्यात पाचर जरा लांबट होते, जास्त माती सुटते. इथवर मी खूश होते. अठराच ना, म्हटलं. अठरा तर बापाची भिंत सोसेल.

मग तू लिहिलंस, मागे पाणी तुंबलं तर तोच शंभर अडीचशेवर जातो, भूकंप नसताना. आणि परत विचारलंस, आजी, नळ्या वाहतात का?

आमच्याकडे पाऊस असा पडतोय की जामखेडचा बाजार दोनदा भरला नाही. कोरडा भाग म्हणून आमची ओळख, आणि ओढ्याला पूर.

तुला ते भूकंपाचं सांगायचं राहिलं. किल्लारीला झालं तेव्हा तुझा बाप अठराचा होता. पहाटे आपली भांडी फडताळातून पडली, पण आपलं घर उभं राहिलं. दोन दिवसांनी गावाने भाकरी गोळा केल्या, ट्रॅक्टर भरून गेला, त्यावर हा होता. चार दिवसांनी परत आला. विचारलं तर एकच वाक्य बोलला, "आई, दगडं मातीत बसवलेली हुती." मग सहा महिने घरात झोपला नाही, अंगणात झोपायचा. आणि त्यानंतर शेती भावाला देऊन गवंड्यांच्या हाताखाली गेला, सिमेंटात दगड बसवायला शिकायला. मी तेव्हा म्हणायचे, पोराला वेड लागलं. त्या माणसाला तू चावडीवर म्हणालीस, भूकंपात टिकायची नाही. तुला ठाऊक नव्हतं. त्याने कधी कुणाला सांगितलंच नाही.

म्हणूनच मला आता जास्त भीती वाटते. असा माणूस दगडात कमी करेल का? आणि करणार नसेल, तर रोज पिशवीत काय नेतो?

गुरुजींवरही संशय आहे. सोमवारपासून पहिली ते चौथीची पोरं देवळाच्या सभामंडपात बसतात. मी विचारलं, शाळेला काय झालं? म्हणाले, "काही नाही, काकू, रंग द्यायचाय." रंगाचा एक डबा आलेला नाही. तुझ्या बापाला आणि गुरुजींना मी पारावर बोलताना पाहिलं, मी गेले तर दोघेही पावसाबद्दल बोलायला लागले. पावसाबद्दल इतकं काय असतं बोलायला, दिसतोय तो.

सुरय्या हल्ली माझ्याकडे बघत नाही. मीही तिच्याकडे बघत नाही.

नळ्यांचं मी बघून सांगते. पायाचं तर मला कळेनाच झालंय.

आजी


२० सप्टेंबर, शनिवार

ज्ञानू,

पितरांची खीर झाली आणि आज मी चोरी केली.

काल संध्याकाळी त्याच्या मागे गेले. शाळेच्या हातपंपाआड उभी राहिले, हातात हंडा, कुणी विचारलं तर पाणी. त्याने भिंतीच्या माथ्याच्या खिळ्याला दोरी लावली आणि ओळंबा खाली सोडला. गवंड्यांचा तो शिशाचा गोळा, तोच, लहानपणी तू त्याला भोवरा समजून फिरवायचीस. गोळा हलायचा थांबला तसा त्याने कमरेइतक्या उंचीवर दोरी आणि भिंत यांच्यामधलं अंतर पट्टीने मोजलं आणि वहीत लिहिलं. मग पिशवीतून सळई काढली आणि भिंतीत खुपसून काहीतरी उकरायला लागला. एक नळी. पुढचं मला बघवलं नाही. हंडा तसाच रिकामा घेऊन आले.

आज तो जामखेडला गेला आणि आंघोळीच्या वेळी कडदोऱ्याची किल्ली मोरीत विसरून गेला. कपाट उघडलं. पिशवीत सळई, ओळंबा, एक शंभर पानी वही.

वही मी वाचली. तू शिकवलंस म्हणून वाचता आली, ते आता बरं वाटत नाही.

पहिल्या पानावर तारीख आहे. २९ मे. तू अठ्ठावीसला गेलीस ना? एसटीला बसवायला मीच आले होते. तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशीपासून हा माणूस रोज भिंतीला ओळंबा लावतोय. दोन वर्षं. दिवाळी आहे, माझ्या मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, त्याही दिवशी आहे. आकडा सुतात लिहिलाय, एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, गवंडी त्यातच मोजतात. बत्तीस सूत. बत्तीस. बत्तीस. पहिला पावसाळा गेला, बत्तीस. दुसरा गेला, बत्तीस. पानंच्या पानं बत्तीस.

यंदा २९ जुलैला, नागपंचमीला, बत्तीस. ५ ऑगस्टला एकतीस. पंधरा ऑगस्टला अठ्ठावीस. गौरी गेल्या त्या दिवशी चोवीस. काल वीस.

दोरी तिथेच आहे, ज्ञानू. भिंत दोरीकडे येतेय.

वहीच्या खाली एक चिंधी होती, चिखलाने माखलेली. मी ती धुतली नाही तरी ओळखली. हिरवा काठ, त्यात पिवळ्या रुईफुलांची नक्षी. माझ्या त्या लुगड्याची गोधडी केली, उरलेलं मी ठेवलं होतं. चिंधीला कुंकू लागलेलं होतं.

आता सांगते. रागावशील तर रागव.

भिंतीखालची जागा कोरडी, उन्हाची. आम्ही बायका तिथेच कुरडया घालतो. भिंत झाल्यापासून त्या नळ्यांतून तांबडं पाणी ठिबकायचं, दोन उन्हाळे कुरडयांचा रंग गेला. ते एक. नागपंचमीच्या आधी सुरय्याच्या धाकटीला एका नळीतून धामण बाहेर डोकावताना दिसली. ते दुसरं. शाळेची पोरं तिथेच डबा खातात. मी म्हटलं, बांधणाऱ्याने भोकं उगाच ठेवलीत, सिमेंट वाचवायला. माझ्या पोराने ठेवलेली भोकं, आणि मी त्याला विचारलं नाही. बारदान, चिंध्या, शेणमाती कोंबली. वरून सुरय्याने नियाजचं उरलेलं सिमेंट थापलं. अकराच्या अकरा. मग मला वाटलं, आत नाग कोंडला असेल तर पाप. म्हणून प्रत्येक नळीला हळदकुंकू लावलं, लाह्या आणि दूध वाहिलं. दुसऱ्या दिवशी बघते तर गावातल्या चार बायका पूजा करून गेलेल्या. आठ दिवसांत अकरा नागोबा झाले. आता त्यांना हात कोण लावणार?

मी तुला पहिल्या पत्रात लिहिणार होते. लेखणी तिथपर्यंत जायची आणि वळायची. नियाजवर, रामहरीवर, गुरुजींवर, पोटच्या पोरावर संशय घेतला. त्यात मला बरं वाटत होतं.

अडीचशे म्हणालीस ना?

आजी


२४ सप्टेंबर, बुधवार, तिसरी माळ

ज्ञानू,

परवा घट बसवले आणि तशीच उठून संध्याकाळी भिंतीकडे गेले. तुझा बाप सळईने पाचवी नळी उकरत होता. मला पाहून सळई पाठीमागे धरली. लहानपणी गूळ चोरायचा तेव्हा असाच धरायचा.

मी म्हटलं, "मच्छू, चिंधी माझी हाय."

म्हणाला, "ठाव हाय. तुझं लुगडं मी वळखत न्हाई व्हय?"

"कधीपासून?"

"तीन आठवडं झालं. आधी मला वाटलं माझाच दगड चुकला. आकडा कमी व्हयाला लागला तवा ज्ञानीचंच खरं झालं म्हनलं. मग एक कुंकवाचं टवकं निघालं आन् बारदान दिसलं."

"मग बोलला का न्हाईस?"

सळई पुसत राहिला. म्हणाला, "एकीला बोललो, ती दोन वरसं आली न्हाई. तू या वयात कुटं जानार हुतीस?"

मला हसू आलं आणि रडूही आलं. पोरांना देवळात त्यानेच बसवायला लावलं. नियाजला गप्प राहायला त्यानेच सांगितलं होतं, सुरय्याच्या घरात भांडण नको म्हणून. रंगाची थाप गुरुजींना त्याने शिकवली, ती त्यांना जमली नाही. रोज थोडं थोडं, एका वेळी एकच नळी, दिवस मावळताना, कारण दिवसाउजेडी नागोबा फोडले तर बायका दगड घेऊन येतील. आणि सगळ्या नळ्या एकदम मोकळ्या केल्या तर पाण्याबरोबर मागची मातीही वाहून येईल, हेही म्हणाला. सिमेंट बोटांना लागायचं ते माझ्याच बुचांचं.

"उरल्यात किती?"

"सा."

"पाऊस थांबत न्हाई. असं एकेक करून तुझा ओळंबा थांबंल का?"

तो वहीतल्या वीसवर बोट ठेवून उभा राहिला. भिंतीला कान लावला तर आत पाणी हळू बोलत होतं.

काल सकाळी मी देवळात गेले. बायका घटाला माळ घालायला जमल्या होत्या, पोरं मंडपात पाढे म्हणत होती. मी म्हटलं, भिंतीतले नागोबा काढायचे आहेत. झालंच. बिभीषणची आई म्हणाली, "लंकाकाकू, नवरात्रात असलं अभद्र बोलू नगा. माझ्या सुनंला तिथल्या नवसानं दिस गेल्यात." मी म्हटलं, "तिला दिस तुझ्या पोरानं गेल्यात. ती भोकं हायती, पानी जायाला ठेवलेली. मी त्यात चिंध्या कोंबल्यात. कुंकू मी लावलं, माझं पाप झाकायला."

ज्ञानू, मी गावात पन्नास वर्षं लोकांच्या चुका काढल्यात, तू मला ओळखतेस. त्या सगळ्या बायका माझ्याकडे कशा बघत होत्या ते मी लिहीत नाही. मग मागून सुरय्या उठली. तिचं देवळात तसं काही काम नव्हतं, पोरीला डबा द्यायला आली होती. म्हणाली, "सिमेंट माझं हुतं. काकूला एकटीला बोलू नका."

मग गुरुजींनी पाढे थांबवले आणि म्हणाले, चला.

आधी मी सगळ्या बुचांवरचं हळदकुंकू ओल्या फडक्याने पुसून घेतलं, अक्षता सोडल्या, म्हटलं, चुकून बसवलंत, आता उठा. त्याशिवाय बायकांनी हात लावला नसता, आणि खरं सांगते, मीही नसता. तुझ्या बापाने आणि नियाजने सळया लावल्या, एक या टोकाची, एक त्या टोकाची, मध्ये थांबत. तोंडाशी खडी आणि जाळी लावायला नियाज तयारच होता. मधली नळी सुटली तेव्हा पाणी असं आलं की गुरुजींचा पायजमा मांडीपर्यंत तांबडा झाला. संध्याकाळपर्यंत वाहत होतं. धामण कुठे नव्हती.

रात्रीपासून पुन्हा पाऊस आहे. आज सकाळी बापाने ओळंबा लावला. एकोणीस.

अजून थांबली नाही. पोरं देवळातच आहेत. तू काही विचारू नको, मीच कळवते.

आजी


१२ ऑक्टोबर, रविवार

ज्ञानू,

तुझं पत्र आलं. मला वाटलं शिव्या असतील. तू लिहिलंस, "आजी, मी ज्या भूकंपाला भीत होते त्याच्यापेक्षा तुझ्या चिंध्या जड निघाल्या." हे मी सुरय्याला वाचून दाखवलं. ती इतकी हसली की तिच्या हातची बांगडी वाढली.

ओळंबा एकोणीसवर आहे. २४ तारखेपासून एकोणीस. दसऱ्याला सोनं वाटून आल्यावर लावला, एकोणीस. कोजागिरीला एकोणीस. आलेलं पोट आत जात नाही, ते बायकांना ठाऊक असतं. पण पुढे सरकत नाही. अकराही नळ्या ठिबकतात. कुरडया येत्या उन्हाळ्यात देवळाच्या गच्चीवर.

पोरं अजून शाळेत पाठवलेली नाहीत. बापच नाही म्हणतो. आणि आता नीट ऐक.

गुरुवारी जेवताना मी त्याला सगळं सांगितलं. तुझी पत्रं, सुतळी, मुरूम, सूप, कानातलं. तुझी आई म्हणाली, "तरीच तुळशीला एवढा मुरूम." तो जेवत राहिला. मी भाकरी कापून पाचर दाखवली, शंभर, एकशे अठरा, अडीचशे सांगितलं. म्हटलं, ज्ञानू म्हणते नळ्या मोकळ्या असतील तर भिंत अशी उभी राहील, पण धक्क्यात टिकेल का ते पाया कळल्याशिवाय सांगता येत नाही, आणि पाया फक्त तुला ठाऊक आहे. त्याने हात धुतले आणि बाहेर गेला. मी म्हटलं, झालं, संपलं.

काल सकाळी त्याने वहीचं एक पान माझ्यापुढे ठेवलं. पट्टीने काढलेलं चित्र आहे. कापलेली भिंत, मागे ती पाचर तिरक्या रेघेने, मी भाकरीवर दाखवली तशीच. पाया चार हात दोन बोटं. खोली अडीच हात, खाली पक्का मुरूम लागला तिथवर. दगड किती, सिमेंट किती, सगळं. ते पान पत्रासोबत घातलंय, घडी जपून उघड. चित्राच्या वर त्याने "चि. ज्ञानेश्वरीस" लिहून खोडलंय, मग परत लिहिलंय.

मला म्हणाला, "आई, तिला इचार, पाचरीच्या वजनातले आठ भाग का धरले. किल्लारीवाल्यांनी किती धरले असते? मला बारा धरून पायजे. बाराला पाया कमी पडत आसंल तर पुढून टेकू किती लागतील, किती अंतरानं, ते काढ म्हनावं. मी नियाजला दिवाळीनंतर मोकळा ठेवलाय."

मी म्हटलं, "तूच लिही की."

म्हणाला, "माझं अक्षर तिला वाचता येत न्हाई."

खोटं बोलतो. तुला पहिलीत गिरवायला अक्षरं त्यानेच तर वहीत काढून दिली होती. पण मी लिहिलं. आठ का, बारा का, टेकू किती, एवढंच लिहून पाठव. पाकिटावर नाव त्याचं घाल, आणि चिकटपट्टी लावू नकोस. रामहरी वाचू दे.

आणि टेकूंची जागा आखायला कुणीतरी समोर लागतं असं नियाज म्हणतो. दिवाळी २० तारखेची आहे. मी काही म्हणत नाही.

लंका